आधी डांबरीवर

कागदावर पाच रकाने आहेत.
एक म्हणजे चाल निर्दोष,
पाच म्हणजे पाय टेकवतच नाही.
मधल्या तिघांत अख्खा बाजार उभा आहे.

हाळी, सकाळचे साडेसात.
शिंगांना हिंगूळ, वशिंडावर तेलाचा हात,
गोंडे, झुली, घुंगरमाळा,
सगळं गुडघ्याच्या वर.
गुडघ्याखाली कुणी काही सजवत नाही,
म्हणून मी तिथून सुरू करते.

उदगीरच्या कॉलेजात शिकवलं होतं:
मागून बघा, ढोपरं आत वळलीत का.
बाजूनं बघा, पाय विळ्यासारखा वाकलाय
की खांबासारखा ताठ.
दोन्ही वाईट.
चांगला पाय या दोहोंच्या मध्ये कुठेतरी,
आणि ते कुठे, हे पुस्तकात नव्हतं.

चांदपाशाकडे होतं.

चाळीस वर्षं पत्र्या मारल्या त्यानं.
बैल पाडायचा, चारी पाय कासऱ्यानं बांधायचा,
खिळे ओठांत धरून बोलायचा;
त्याचं बोलणं अजूनही
खिळ्यांमधून वाट काढत येतं.
आता पाडणं होत नाही.
बाजाराच्या तोंडाशी लिंबाखाली पोत्यावर बसतो
आणि जनावर आलं तरी मान वर करत नाही.
"मुंडी कैकू बघायची? मुंडी खोटं बोलती."

दिगांबर गुट्ट्याचा वानेरा आला, चौसा.
डोळ्यांभोवती काळं, बाकी नुसतं दूध.
पटांगणातल्या मऊ मातीत फेरी मारली,
मागचा खूर पुढच्याच्या ठशात बरोब्बर,
डब्यावर झाकण बसावं तसा.
मी 'एक' लिहिणार होते.
पेन टेकवलासुद्धा.

चांदपाशानं डोळे मिटलेले.
"डांबरीवर घ्या."

"शेत मातीचंच असतंय की, पाशा."

"शेत मातीचं. वाट दगडाची."

डांबरीवर
टक्, टक्, टक्,
आणि चौथा ठोका उसना आणल्यासारखा.
मला ऐकू आला नाही, खोटं कशाला सांगू.
मला दिसलं: पुढचा डावा टेकला
की मुंडी केसभर वर उचलते.
तसं सांगितलं त्याला.
"हां. मग आज मुंडी खरं बोलली," म्हणाला
आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

तोवर हेडी जवळ सरकला होता.
लातूररोडचा, कोऱ्या उपरण्याचा.
त्याला आधीच ठाऊक असावं;
उपरण्याखाली बोटं पुन्हा मोडली गेली,
दिगांबरचा हात आत गेला
तो बराच वेळ बाहेर आला नाही.

चांदपाशा उठला. उठायला त्याला
लिंबाचं खोड लागतं.
गोऱ्ह्याचा पाय दोन गुडघ्यांत धरला,
अंगठ्यानं दोन नख्यांची बेचकी फाकवली,
वास घेतला.
सडका वास नव्हता.
चाकूचं टोक एकदाच फिरवलं
आणि हरभऱ्याएवढा चुनखडा
दिगांबरच्या तळहातावर ठेवला.
"हळद, तेल. आठ दिवस चिखलात घालू नको."

हेडी म्हणाला, "पाशा, जरासं थांबायचं होतंस."
"थांबलो असतो. पण पाय त्याचा दुखत होता,
सौदा तुझा."

आता माझ्या कागदावर
खड्याचा रकाना नाही.
पायाची ठेवण उत्तम, खुरं आखूड, एकसारखी,
घोटा लवचिक, आणि आज, आत्ता, लंगडा.
'दोन' लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं: पुढच्या बाजारी पुन्हा बघणे.
साहेब विचारतील, पुन्हा म्हणजे काय,
प्रदर्शन वर्षातून एकदा असतं.

दिगांबर खडा खिशात घालून गेला.
का, ते मी विचारलं नाही.

चांदपाशा पोत्यावर बसता बसता म्हणाला,
"बाई, तुमची डाव्या पायातली चप्पल
बाहेरच्या अंगानं झिजली. कमरेचं बघा कुठंतरी."
मी हसले. मग तो वळल्यावर
चप्पल काढून उलटी करून बघितली.

पुढचा नंबर लाल कंधारीचा होता, दुसा,
मालक त्याला मातीत उतरवत होता.

"आधी डांबरीवर," मी म्हटलं.